बातमीतला ‘का’

दर वर्षी ६ जानेवारीला आपल्या महाविद्यालयात पत्रकार दिन साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच दिवशी ‘दर्पण’ सुरू केले. त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, पाहुणे बोलतात आणि बोलता बोलता फळ्यावर सहा शब्द लिहितात : कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे. हे सहा ककार आले की बातमी पुरी झाली, असे आम्ही वहीत उतरवून घेतो. त्याखाली उलटा मनोरा काढतो. सर्वांत महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे खाली. म्हणजे जागा अपुरी पडली तर उपसंपादकाने शेपटाकडून कात्री लावावी आणि बातमीचे डोके शाबूत राहावे.

हे सारे मला पाठ होते. प्रथम वर्षापासून मी एका दैनिकाला आमच्या तालुक्यातून बातम्या पाठवीत आलो आहे. मानधन नावापुरतेच, पण गावात ‘वार्ताहर’ म्हणून ओळख होते आणि थोडी ऐटही येते. ती ऐट कशी उतरली, हे सांगितल्यावाचून मला या विषयावर मत मांडण्याचा अधिकार नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एका रात्री भाजीपाल्याचा टेंपो ओढ्यावरील पुलावरून खाली गेला. बाजूला बसलेल्या हमालाचा पाय मोडला, चालकाला किरकोळ मार लागला. मी पोलीस ठाण्यात फोन केला. ठाणे अंमलदार म्हणाले, “ताबा सुटला असणार, दुसरं काय?” मग त्या वाडीतील एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला की पुलाचा कठडा आदल्या वर्षीच्या पुरात गेलेला आहे. मी घरी बसूनच पाच परिच्छेद लिहिले. ‘चालकाचा ताबा सुटल्याने टेंपो ओढ्यात कोसळून एक जण जखमी झाला,’ हे पहिले वाक्य. कठड्याचा उल्लेख पाचव्या परिच्छेदात. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली ती तीन परिच्छेदांची. मनोऱ्याच्या नियमानुसार उपसंपादकांनी खालचे दोन कापले होते आणि त्यांचे काहीही चुकले नव्हते.

तो चालक आमच्याच गल्लीत राहतो. दोन दिवसांनी त्याची बायको घरी आली. टेंपोच्या मालकाने वर्तमानपत्र पुढे टाकून त्याला कामावरून काढले होते. काकू भांडल्या नाहीत. आईशी थोडे बोलल्या आणि जाताना मला एवढेच म्हणाल्या, “बाळ, तू तिथं होतास का?”

मी तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी सायकलवर गेलो. पुलाच्या एका बाजूला आठ-दहा हात कठडाच नव्हता. सूचनेचा फलक नाही, साधा पांढरा पट्टाही नाही. वळण संपते तिथेच पूल सुरू होतो. चालकाचे चुकलेच नसेल असे मी आजही म्हणणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. पण ठाऊक नसताना मी त्याचे चुकले असे लिहून मोकळा झालो होतो, हे मात्र खरे.

वाचकहो, माझे म्हणणे एवढेच आहे की सहा ककारांपैकी पाच फोनवर मिळतात, ‘का’ मात्र बहुधा मिळत नाही. कोण, काय, कधी, कुठे हे पंचनाम्यात सापडेल, ‘कसे’ हे पाहणारा सांगेल. ‘का’ हा मात्र निवाडा असतो. तो करण्याआधी जागेवर जावे लागते, दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. तेवढा वेळ नसेल तर ‘अपघाताचे कारण रात्री उशिरापर्यंत समजू शकले नाही’ असे लिहावे. हे वाक्य लिहिताना बातमीदाराला कमीपणा वाटतो. पण त्याने कुणाची रोजी जात नाही.

आणि भाषेचे काय? ‘ताबा सुटल्याने’ आणि ‘ताबा सुटल्याचे पोलिसांनी सांगितले’ यांत दोन-तीन शब्दांचा फरक आहे. पहिल्यात वर्तमानपत्र साक्ष देते, दुसऱ्यात पोलीस. आपल्या बातम्यांची मराठी या बाबतीत फार सोयीची झाली आहे. ‘समजते’ म्हटले की कुणाकडून समजले ते सांगावे लागत नाही. ‘करण्यात आले’ म्हटले की कर्ता पडद्याआड जातो. मी नंतर पुलाविषयी दुसरी बातमी पाठवली, ती आठ दिवसांनी आतील पानावर एक स्तंभी आली. तिच्यातही मी लिहिले होते, ‘दुरुस्तीकडे दुर्लक्ष करण्यात येत असल्याचे समजते.’ दुर्लक्ष कोण करते? राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. तो रस्ता यांपैकी कोणत्या वर्गातला, एवढे विचारले असते तरी कर्ता सापडला असता. गरीब चालकाच्या वेळी मी कर्ता बेधडक लिहिला आणि कार्यालयाच्या वेळी तो गाळला. याला मी व्याकरणाची चूक म्हणू शकत नाही.

घाई आणि विश्वास यांपायी थोरामोठ्यांनीही किंमत मोजली आहे. १८८१ साली ‘केसरी’ निघाला आणि अवघ्या दीड वर्षात टिळक-आगरकरांना डोंगरीचा तुरुंग पाहावा लागला. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो या कळकळीने त्यांनी कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध पत्रे छापली. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. शिक्षा चार महिन्यांची झाली, त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी भोगले. हेतू शुद्ध होता, धैर्य तर वादातीत. पण कागद खरा की खोटा हा प्रश्न हेतूने सुटत नाही. तेव्हा निदान भोगावे लागले ते लिहिणाऱ्यांना. माझ्या बातमीची शिक्षा लिहिणाऱ्याला झाली नाही.

कोणी म्हणेल, एवढी चौकशी करीत बसले तर वर्तमानपत्र निघेल कसे? आज तर मोबाइलवर घटनेनंतर पाच मिनिटांत बातमी हवी असते. मान्य. पण घाईत जे ठाऊक आहे तेवढेच लिहायला कुणी अडवलेले नाही. आणि मनोऱ्यात काय वर ठेवायचे हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात धरावी : शेवटचा परिच्छेद कापला जाईल असे समजूनच लिहावे. ज्याच्यावर ठपका येतो त्याच्या बाजूचे वाक्य कधीही तळाशी ठेवू नये.

असो. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपये भरून मी त्या पुलाबद्दल अर्ज केला आहे. काका आता दुसऱ्याच्या गाडीवर बदली चालक म्हणून जातात, तेही रोज नाही. येत्या ६ जानेवारीला पाहुणे फळ्यावर सहा शब्द लिहितील, तेव्हा प्राध्यापक महाशयांनी त्यांना आणखी एक ककार लिहायची विनंती करावी : ‘कोणी सांगितले?’ आणि खाली थोडी जागा उरलीच, तर काकूंचा प्रश्नही लिहावा.

(तृतीय वर्ष, कला)