शिकारी, नागरिक आणि पाणथळ जागा

दोन माणसांचें सर्व बाबतींत एकमत झाल्यावांचून त्यांनीं एकत्र काम करूंच नये, अशी एक समजूत आपल्या समाजांत फार रूढ आहे. सभेंत, पंचायतींत, फार काय पण शाळेच्या वादविवादांतही ती दिसून येते. प्रत्येक पक्ष आपलें म्हणणें शेवटपर्यंत ताणतो, आणि ज्या वस्तूविषयीं दोघांसही आस्था असते ती मात्र भांडण चालू असतांच नाहींशी होते. ही समजूत सोडल्यास काय साधतें, हें अमेरिकेंतील रानबदकांच्या हकीकतीवरून चांगलें कळतें. म्हणून ती हकीकत आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

कॅनडाचा दक्षिण भाग व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग येथील गवताळ मैदानांत लहान लहान असंख्य तळीं व डबकीं आहेत. उन्हाळ्यांत बदकें तेथें घरटीं करितात आणि थंडी पडूं लागतांच थव्याथव्यांनीं दक्षिणेकडे जातात. एकोणिसाव्या शतकांत बाजारांत विकण्यासाठीं त्यांची बेसुमार हत्या होत असे. तिला आळा घालण्यासाठीं १९१६ सालीं अमेरिका व कॅनडाच्या वतीनें ब्रिटन यांच्यामध्यें तह झाला, व १९१८ सालीं अमेरिकेनें त्याप्रमाणें कायदा केला. बंदुकीला मर्यादा पडली. परंतु नांगराला पडली नाहीं. शेतकरी चर खणून दलदलींचें पाणी काढून देत होते आणि तेथें पीक घेत होते. अशांत १९३० नंतर कित्येक वर्षें भयंकर अवर्षण पडलें. उरलेलीं तळींही आटलीं, व बदकांची संख्या पूर्वीं कधीं नव्हती इतकी खालावली. गोळीपासून वांचलेल्या पक्ष्याला पाय टेकण्यासच जागा राहिली नाहीं.

अशा वेळीं जे नॉरवुड डार्लिंग नांवाचे गृहस्थ पुढें आले. 'डिंग' या सहीनें त्यांचीं व्यंगचित्रें देशभर प्रसिद्ध होत. ते स्वतः बदकांचे शिकारी होते. राजकारणांत ते रिपब्लिकन पक्षाचे असून अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर टीका करीत असत. तथापि १९३४ सालीं रूझवेल्ट यांनीं वन्य प्राण्यांच्या खात्याचें प्रमुखपद त्यांस देऊं केलें, आणि डार्लिंग यांनीं तें स्वीकारलें. टीका करणारानें काम पत्करावें व ज्याच्यावर टीका झाली त्यानें तें द्यावें, यांत दोघांचाही मोठेपणा आहे.

त्याच वर्षीं मार्च महिन्यांत बदक-तिकिटाचा कायदा झाला. सोळा वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्यानें दरवर्षीं एक तिकीट विकत घ्यावें, आणि त्या पैशांतून पक्ष्यांसाठीं पाणथळ जमीन राखावी, अशी ही योजना होती. पहिल्या तिकिटाचें चित्र डार्लिंग यांनींच काढलें. त्यांत दोन बदकें दलदलींत उतरत आहेत. किंमत एक डॉलर होती, व पहिल्या वर्षीं ६,३५,००१ तिकिटें खपलीं. आज तेंच तिकीट २५ डॉलरांस मिळतें. या मार्गानें आजवर एक अब्जाहून अधिक डॉलर जमले, आणि साठ लाख एकरांच्या आसपास जमीन पक्ष्यांसाठीं राखली गेली. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, हा भार शिकाऱ्यांवर केवळ वरून लादलेला नव्हता. त्यांच्यांतील अनेक जाणत्यांनीं तो मागून घेतला होता. आणि ज्यांनीं जन्मांत बंदूक धरली नाहीं असे पक्षिप्रेमी व तिकिटांचे संग्राहकही तें तिकीट हौसेनें घेतात.

पुढें १९३६ सालीं डार्लिंग यांच्याच खटपटीनें शिकारी, गळ टाकून मासे धरणारे, शेतकरी व बागांची हौस असणारे यांच्या निरनिराळ्या मंडळांचा एक राष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९३७ सालीं कांहीं शिकाऱ्यांनीं 'डक्स अन्‌लिमिटेड' ही संस्था काढली, व बदकें जेथें जन्मतात त्या कॅनडांतील दलदलींसाठीं अमेरिकेंतून पैसा पाठविला. म्हणजे परक्या देशांतील पाणी राखण्यासाठीं लोकांनीं आपल्या खिशांत हात घातला! पुढें मतभेद झाले नाहींत असें नव्हे. शिशाचे छरे पाण्यांत पडून बदकांच्या पोटांत जातात व त्यांस विषबाधा होते, म्हणून ते बंद करावे असें म्हणतांच शिकाऱ्यांमध्येंच दोन तट पडले. १९९१ सालीं बदकांच्या शिकारींत ते सर्व देशभर बंद झाले. भांडण झालें, पण जूट मोडली नाहीं. फळ काय मिळालें तें पाहा. १९७० पासून उत्तर अमेरिकेंतील पक्ष्यांची संख्या सुमारें तीन अब्जांनीं घटली असें २०१९ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें. परंतु त्याच गणनेंत बदकें व हंस यांची संख्या मात्र निम्म्याहून अधिक वाढलेली आढळली.

येथें कोणी विचारील, 'मारण्यासाठीं राखणें यांत कसली दया?' हा प्रश्न खोटा नाहीं. आम्ही स्वतः बंदूक हातीं घेणार नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्यांनींही घेऊं नये असेंच आम्हांस वाटतें. परंतु ज्यानें घेतलें त्यानें परत दिलें पाहिजे, हा न्याय त्या शिकाऱ्यांनीं पाळला; आणि आपण जे कधीं मारीत नाहीं, त्यांनीं आजवर काय दिलें? तिकडे आतां शिकाऱ्यांची संख्या घटत चालली आहे, व त्यांच्या पैशांवर चालणाऱ्या कामाची चिंता उत्पन्न झाली आहे. नुसतें निर्दोष राहून तळें वांचत नाहीं.

आपल्या देशांत तर हें अधिकच खरें आहे. भरतपूरच्या दलदलींत १९३८ सालीं एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले गेले. ज्यांनीं ती जागा पक्ष्यांसाठीं राखून ठेवावी म्हणून पुढें झटून प्रयत्न केले ते डॉ. सलीम अली बालपणीं छऱ्याच्या बंदुकीनें चिमण्या टिपीत असत. तशाच एका चिमणीनें त्यांस पक्षिशास्त्राकडे वळविलें. ओरिसांत चिलका सरोवराच्या कांठीं मंगळाजोडी नांवाचें गांव आहे. तेथील कित्येक लोक पक्षी मारून विकीत. आज त्यांच्यांतलेच लोक पक्ष्यांवर पहारा करितात व पाहुण्यांस होडींतून पक्षी दाखवितात. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा व १९९१ ची दुरुस्ती यांनीं पाणपक्ष्यांची शिकार बंद केली, हें योग्यच झालें. पण तळें बुजविणाराच्या हातांत बंदूक कोठें असते?

आमच्या पाहण्यांतील एक गोष्ट सांगतों. एका गांवाबाहेर एक तळें होतें. हिवाळ्यांत तेथें चक्रवाकांच्या जोड्या उतरत, थापट्या बदकें येत. तेथें मासे धरणारे लोक अधूनमधून जाळ्यांत पक्षीही धरीत. आम्ही कांहीं शिक्षकांनीं त्यांच्याविरुद्ध अर्ज केले. 'हे शहाणे आमच्या पोटावर पाय देतात,' असें ते म्हणूं लागले. दोन वर्षें हा तंटा चालला. त्या दोन वर्षांत रात्रीं मालमोटारी येऊन मुरूम व पडक्या घरांचा राडारोडा टाकून जात. त्या कोठून येतात हें त्या लोकांस ठाऊक होतें, व अर्ज कोठें करावा हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु आमचें परस्परांशीं बोलणें नव्हतें. आज तेथें पाणी नाहीं, मासा नाहीं, पक्षी नाहीं. त्या तळ्यावर कोणीं एकही गोळी झाडली नव्हती. त्यांतील दोषाचा आमचा वांटा आम्ही नाकारीत नाहीं.

यास्तव पालकांस आमची विनंति आहे कीं, आपल्या गांवचें तळें, खाडी किंवा धरणाची फुगवटी यांजकडे पडीक जागा म्हणून पाहूं नये. पुराचें पाणी तेथेंच थोपतें व विहिरींस तेथूनच पाझर मिळतो. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर ही २०२० सालीं रामसर कराराच्या यादींत गेलेली महाराष्ट्रांतील पहिली पाणथळ जागा होय. ती शेतकऱ्यांच्या पाण्यासाठीं घातलेल्या बंधाऱ्यामुळेंच झाली आहे. शेतकरी, मासेमार, गुराखी व शिक्षक यांनीं एकत्र बसून तळ्याची सीमा ठरवावी व अर्जावर सर्वांनीं सह्या कराव्या. इतर भांडणें मागाहून करण्यास पुष्कळ वेळ आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही काम आहे. अमेरिकेंत शाळेंतील मुलें दरवर्षीं बदकांचीं चित्रें काढतात, व त्यांतून निवडलेल्या चित्राचें मुलांचें म्हणून निराळें तिकीट १९९३ पासून निघतें. तुम्ही येत्या हिवाळ्यांत एक वही करा. आपल्या तळ्यावर कोणता पक्षी कोणत्या तारखेस आला, किती आले, पाणी कोठवर होतें, हें तींत लिहा. जो माणूस तेथें रोज जाळें टाकतो त्याला पक्ष्यांचीं नांवें विचारा. त्याला तुमच्याहून अधिक ठाऊक असतील. वही व जाळें यांची अशी ओळख झाली, तर तळ्याची राखण सुरू झालीच असें समजा.