बँडवाल्याच्या पायात काय आहे?



१४ एप्रिलच्या मिरवणुकीचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये असतील. एकदा उघडा. रथ बघून झाला, निळे फेटे बघून झाले, आपापले चेहरे शोधून झाले की बँडवाल्यांकडे बघा. लाल किंवा निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. मग नजर खाली न्या. एकाच्या पायात रबरी स्लीपर, दुसऱ्याच्या पायात मुलाच्या शाळेचे जुने बूट टाच दाबून घातलेले, तिसऱ्याची चप्पल अंगठ्यापाशी तारेने शिवलेली. आमच्या मंडळाच्या गेल्या जयंतीच्या फोटोंमध्ये मला हे दिसलं, तेही मिरवणूक होऊन दोन महिने झाल्यावर. त्या रात्री मी त्याच बँडसमोर चार तास नाचले होते. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईला हे तेव्हा दिसलं नाही, ही गोष्ट मी लपवत नाही.

कोट आहे, टोपी आहे, मग बूटच का नाहीत? बँडमास्तरांना विचारलं. ते सरळ म्हणाले, "ताई, कोट कोणालाही होतो. बूट ज्याचा त्यालाच होतो."

या वाक्यावर मी बराच विचार केला. कोट मालकाचा असतो. सीझनला माणसं बदलतात, कोट तेच राहतात. आज या अंगावर, उद्या त्या अंगावर. ढगळ झाला तर पिन लावायची, आखूड झाला तर बाह्या दुमडायच्या. पण बूट द्यायचा म्हटलं की हा माणूस सात नंबरचा आणि तो नऊ नंबरचा, हे मालकाला लिहून ठेवावं लागतं. म्हणजे वाजवणारा एक विशिष्ट माणूस आहे, हे मान्य करावं लागतं. आपला सगळा बँड व्यवसाय हे मान्य न करण्यावर चालतो. सुपारी 'पंधरा माणसांची' असते, पंधरा नावांची नसते.

बुटाशिवाय काय बिघडतं, असं एका कार्यकर्त्याने मला विचारलं. ज्याने गळ्यात ढोल अडकवलाय त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. ट्रम्पेटवाल्याची नजर समोर असते, मान खाली घातली तर फुंक तुटते. एप्रिलचा डांबरी रस्ता, दिवसभर तापलेला. त्यावर फटाक्यांचे तुकडे, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, मांडवाचे खिळे. स्लीपर घालून चालताना ती निसटू नये म्हणून बोटं आवळून धरावी लागतात, आणि असं तासन् तास चाललं की पोटऱ्यांना गोळे येतात. परदेशातल्या मार्चिंग बँडमध्ये बूट हा वाद्याइतकाच महत्त्वाचा मानतात. तिथे टाच आधी टेकवून पाऊल पुढे लोळवत नेतात, म्हणजे वरचं अंग हलत नाही आणि सूर थरथरत नाही. त्यासाठी गोलसर टाचेचे खास बूट बनतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या विद्यापीठांचे बँड गुडघे उंच उचलून चालतात आणि बुटांवर पांढरी पट्टी चढवतात, ती पावलं लांबूनही दिसावीत म्हणून. फ्लोरिडाच्या ए अँड एम विद्यापीठाचा 'मार्चिंग १००' १९४६ मध्ये विल्यम फॉस्टर यांनी उभा केला. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम केलं होतं, त्यांच्या पोरांनी आपली पावलं जगाने बघावीत असं ठरवलं. आपल्याकडे पावलं झाकायलाही काही नाही.

आता कोणी म्हणेल, पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांतली मुलंमुली गणपतीपुढे अनवाणी वाजवतात, त्यात काय? फरक हा आहे की त्यांची पायताणं मिरवणुकीच्या टोकाला गाडीत असतात. ते एका दिवसाची श्रद्धा म्हणून पायताण काढतात आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला बूट घालून जातात. ज्याच्याकडे आहे त्यानेच काढायचं, याला व्रत म्हणतात. ज्याच्याकडे नाही त्याचं व्रत कसलं?

पायताणाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, हे आपल्या आजोबांच्या पिढीने सोसलं आहे. हा जुना इतिहास असता तर कायद्यात लिहावा लागला नसता. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणं किंवा नवे कपडे घालण्यापासून, लग्नाची वरात काढण्यापासून, वरातीत घोड्यावर बसण्यापासून अडवणं हा गुन्हा ठरवला आहे. एकाच वाक्यात चप्पल, वरात आणि घोडा. संसदेला एकविसाव्या शतकात हे लिहावं लागलं. वरातीच्या याच रस्त्यावर बँड चालतो. नवरदेवाला अडवलं की आपण मोर्चा काढतो, आणि काढायलाच हवा. त्या नवरदेवापुढे स्लीपर ओढत चालणाऱ्याला मात्र कोणी अडवलेलं नसतं. त्याच्या पायात काही घालावं असं कोणाच्या मनातच आलेलं नसतं, आपल्याही नाही.

आता अवघड भागाकडे येते. आमच्या भागात बँडमध्ये वाजवणारे बहुतेक मातंग समाजाचे आहेत. आपण धम्म स्वीकारला, गावकीची कामं टाकली, अनेक गावांत आपल्या लोकांनी वाजवणंही सोडलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस सोडायला सांगितलं. डिसेंबरात त्याच महाडात स्त्रियांना अंगावरचे कपडे आणि दागिने बदलायला सांगितलं, कारण वेशावरून जात ओळखली जात होती. वेश ही किरकोळ गोष्ट नाही, हे आपल्याला बाबासाहेबांइतकं कोणी शिकवलं नाही. मग आपण सोडलेलं काम ज्यांच्या पदरी राहिलं, त्यांना आपण वर्षातून एकदा सुपारी देतो, भीमगीतं वाजवायला लावतो आणि वागतो मात्र गावच्या पाटलासारखं. जेवणाच्या वेळी ते बाजूला ट्रॉलीपाशी बसतात. दर ठरवताना आपण घासाघीस करतो आणि वर 'समाजाचं काम आहे' असं सुनावतो. १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या प्रतिमेला हार घालून हे धुऊन निघत नाही.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, वाजवणं हीच गुलामी आहे, बूट कशाला, धंदाच सोडायला सांगा. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. जात म्हणून वाजवायला लावणं ही गुलामी, यात वाद नाही. पण क्लॅरिनेट वाजवायला वर्षं घालवलेल्या माणसाला 'सोड' म्हणणारा त्याला दुसरं काय देतो? आणि वाजवणं मुळातच हलकं असेल तर सैन्याचा बँड हलका का वाटत नाही? बाबासाहेबांनी ज्या महार रेजिमेंटसाठी आग्रह धरला, ती १९४१ मध्ये उभी राहिली. तिथे जवानाला वर्दीबरोबर बूट मिळाले, त्याच्या मापाचे, सरकारी खर्चाने. कवायतीत त्या बुटांचा आवाज होतो आणि लोक सलाम करतात. वाद्य तेच असतं. फरक पडतो तो वाजवणाऱ्याला आपण काय देतो यामुळे.

डीजेवाल्यांचीही एक बाजू आहे म्हणे, बँडच नको, सगळं मशीनवर. त्यावर वेगळं लिहीन. डीजेमुळे बँडवाल्याच्या पोटावर पाय येतो, एवढंच आत्ता नोंदवते.

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी मांडलं की सुपारीच्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: दर दीड तासाला थांबा आणि पाणी, जेवण आपल्याच पंगतीत, आणि प्रत्येकाला बूट. साध्या काळ्या कॅनव्हास बुटांचा आमच्या बाजारातला भाव चारशे रुपये. पंधरा माणसांचे सहा हजार. खजिनदार म्हणाले, बूट घेऊन ते पळून जातील. मी म्हटलं, पळू देत, बूट पळण्यासाठीच असतात. हशा झाला आणि ठराव झाला. बूट मंडळाने परत घ्यायचे नाहीत, ज्याचे त्याने घरी न्यायचे, हेही लिहून घेतलं. यावर एकाने विरोध नोंदवला आहे.

बँडमास्तरांनी मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर मापं पाठवली. सात, आठ, सात, नऊ, सहा, आठ... आणि शेवटी तीन. तीन नंबरचा पाय म्हणजे दहा-अकरा वर्षांचं पोर. हा मुलगा खुळखुळा वाजवतो की लाईटचा झुंबर उचलतो, हे मला माहीत नाही, कारण गेल्या वर्षी तो माझ्यासमोर होता तरी मी बघितला नाही. त्याच्यासाठी बूट घ्यायचे, पण ते शाळेचे. रविवारी मी आणि मंडळाचे दोघे बँडमास्तरांच्या घरी जाणार आहोत, तो कोणाचा मुलगा आहे, कितवीत आहे आणि त्याच्या वडिलांनी मालकाकडून किती उचल घेतली आहे, हे विचारायला.