चिठ्ठी आधी, निष्कर्ष नंतर

मराठवाड्यात कपाशीच्या लागवडीचे दिवस जवळ आले की नव्या वाणांच्या व खतांच्या जाहिरातींनी गावोगावच्या भिंती रंगतात, आणि बहुतेकींवर ‘प्रयोगान्ती सिद्ध’ असा शिक्का असतो. परंतु तो प्रयोग कोणत्या वावरात व कशाच्या तुलनेत झाला, हे पुसण्याचा रिवाज आपल्यात नाही.

समजा, वैजापूरकडील एका जिराईत शेताचे आठ सारखे तुकडे पाडले, चिठ्ठ्या टाकून चारांना खत दिले आणि वेचणीअंती सर्वाधिक कापूस देणारे चारही तुकडे खताचेच निघाले. खत निरुपयोगी असते, तर प्रत्येक तुकड्याचे उत्पन्न आले तेवढेच आले असते. आणि आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७० असल्यामुळे, असा योग केवळ दैवाने ७० मध्ये एकदाच यावयाचा. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या ग्रंथात मांडलेल्या या क्रमबदल-कसोटीला न कोष्टक लागते, न घंटाकृती वक्राचे गृहीतक.

या विचाराशी निकटचे नाते सांगणारे काम पुणे विद्यापीठात व पुढे केंटकीत अध्यापन केलेल्या वसंत भापकर यांनी केले. अनेक गटांच्या तुलनेसाठी प्रत्येक गटातून एकेक निरीक्षण उचलावे, त्यांत सर्वांत लहान कोणाचे ते पाहावे, आणि अशा सर्व जुळण्यांची मोजदाद करावी, ही त्यांची १९६१ ची कसोटी; १९६८ मध्ये जयंत देशपांडे यांच्यासह त्यांनी या कसोट्यांचा विस्तार केला. गणिती प्रतिष्ठेच्या हव्यासात आपण अशा साध्या मुळाच्या विद्येला मागच्या बाकावर बसवतो, हे मला अनुचित वाटते. आपल्याकडील महाविद्यालयांनी संख्याशास्त्राचा पहिला तास चिठ्ठ्यांनीच सुरू करावा.

मात्र या गणिताचा सारा आधार पेरणीपूर्वीच्या चिठ्ठीत आहे. विहिरीलगतचा सुपीक तुकडा विक्रेत्याच्या प्रतिनिधीने स्वतः निवडून तेथे खत टाकले असेल, तर मागाहून आकड्यांची कितीही अदलाबदल केली तरी खताचा गुण आणि जमिनीचा कस वेगळा काढता येणार नाही. म्हणून शिवारफेरीत बोंडे मोजून दाखवणाऱ्यास शेतकऱ्याने प्रथम एवढेच विचारावे: हा तुकडा निवडला कोणी, आणि चिठ्ठी कोणासमक्ष निघाली?