जुना द्या, नवा घ्या. पण आधी विचारा

दसरा-दिवाळी आली की कंधारच्या कितीतरी बायका फ्रिज, टीव्ही घ्यायला नांदेड गाठतात. 'जुना आणा, ३००० रुपये सूट' ही पाटी दिसली की आपण हरखतो. पण मैत्रिणींनो, सूट कशातून वजा होते? खोक्यावरच्या एमआरपीतून. त्या भावात एरवी तरी कोण विकतं?

दुसरी गंमत कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ही कपात सगळ्यांनाच आहे, जुना दिला म्हणून नाही. फ्रिजला तर २०१८ पासूनच १८ टक्के आहे.

मी आमचा जुना, पण चालू फ्रिज द्यायला निघाले होते. सहज विचारलं, "भाऊ, जुना नाही दिला तर?" "मग रोखीत अडीच हजार कमी करू, ताई." म्हणजे माझ्या फ्रिजचे पाचशेच! भंगारवालासुद्धा बाराशे देत होता. शेवटी शेजारच्या भाडेकरणीनं तो दोन हजाराला नेला, अजून चालतोय.

वस्तू बंदच पडली असेल अन् दुकानदार तशीच नेत असेल, तर खुशाल द्या. हमाली तरी वाचते.