मुलांच्या हातांतील नवें पान

उन्हाळ्याच्या सुट्टींत नांदेड-लातुराकडील घरांतून आते-मामेभावंडें जमलीं, म्हणजे त्यांतला एखादा पुण्याहून ‘मॅजिक’ खेळाचीं पानें घेऊन येतो. रिचर्ड गारफील्ड यांचा हा खेळ १९९३ सालचा. नवें पान निघालें कीं मुलें त्यावरील चित्र पाहूनच त्याचें मोल ठरवितात. (चित्रें सुंदर असतात, हें नाकारण्याचें कारण नाहीं.) परंतु खरा प्रश्न निराळा आहे: तें पान मांडावयास खर्च किती?

पहिल्याच संचांतील पंखवाला ‘शिवन ड्रॅगन’ सहा मात्रा शक्ति मागतो. शक्ति देणारें भूमीचें पान पाळीगणिक एकच मांडतां येत असल्यानें, तो बहुधा सहाव्या पाळीपर्यंत हातांतच पडून राहतो. त्याच संचांतील ‘ब्लॅक लोटस’, म्हणजे नुसतें काळें कमळ, फुकट मांडतां येतें व एकदांच तीन मात्रा देऊन संपतें. व्हिंटेज सामन्यांत तें गड्डींत एकाहून अधिक ठेवूं देत नाहींत, यांतच सर्व आलें.

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या खेळांतही नुसत्या आंकड्यावर जाऊन चालत नाहीं. मत्स्याची दश्शी राजा-वजिराच्या खालोखाल थोर. रामाची दश्शी मात्र एक्क्याहूनही हलकी! पण तेथें १२० पानें सर्व खेळणारांत सारखीं वांटलीं जातात. येथें ज्यानें त्यानें आपली गड्डी विकत आणावयाची, आणि तीही बहुधा बंद पाकिटांतून, आंत काय आहे हें न कळतां. म्हणजे खेळांत वडिलांचा खिसाही उतरतो.

तेव्हां नवें पाकीट घेण्यापूर्वीं मुलास सारी गड्डी चटईवर मांडावयास सांगावें, व हवें असलेलें पान कोणाची जागा घेणार, तें त्यालाच विचारावें. उत्तर पटलें, तर तेवढें सुटें पान मिळतें का पाहावें.