चॅटबॉट ऐकून घेतो, तेव्हा घरच्यांचे काम काय उरते?

"हे घरात कोणाशी बोललात का?" हा प्रश्न मी दवाखान्यात रुग्णांना नेहमी विचारतो. पूर्वी उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे यायचे. आता तिसरे उत्तर येऊ लागले आहे, "मोबाइलवर विचारले होते." रक्ताच्या रिपोर्टचा अर्थ विचारावा तितक्या सहज लोक रात्रीची घालमेल, घरातले भांडण, परीक्षेची धास्ती चॅटबॉटला सांगतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटी चालवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच एक आकडा दिला. आठवडाभरात हे साधन वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या संभाव्य हेतूच्या किंवा तयारीच्या स्पष्ट खुणा दिसतात. टक्केवारी किरकोळ वाटेल. पण तेव्हा वापरणारे ८० कोटींच्या घरात होते, म्हणजे ही संख्या दर आठवड्याला सुमारे १२ लाख होते. जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानेही सांगितले की, जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो.

लोकांना बोलायचे आहे, पण ऐकणारा माणूस सापडत नाही, असा याचा अर्थ आहे. म्हणून 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द आता फक्त व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपुरता राहिलेला नाही. येत्या काळात तो घराघरातल्या आरोग्याचा विषय होणार आहे.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे नेमके काय?

१९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना शास्त्रीय लेखात मांडली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. सोप्या शब्दांत तिचे चार भाग सांगता येतात:

- स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनातली भावना ओळखणे
- ती भावना कशातून आली हे समजणे
- निर्णय घेताना भावनेचा उपयोग करून घेणे
- तिच्या आहारी न जाता तिला योग्य वाट देणे

दोन गैरसमज आधीच दूर करू. सतत शांत राहणे, गोड बोलणे, राग गिळणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे. रागाच्या जागी राग येणे निरोगीपणाचेच लक्षण आहे. आणि ही कौशल्ये चांगली असली म्हणून नैराश्य किंवा चिंताविकार होत नाही, असेही नाही. ते आजार आहेत आणि त्यांना उपचार लागतात.

ठाण्याच्या नावाची गोष्ट

आपल्याकडे कोणी विचित्र वागले की "याला ठाण्याला पाठवा" असे म्हणायची जुनी पद्धत आहे. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, त्यावरून आलेला हा टोमणा. त्यात एक समजूत दडलेली होती. मनाचा दवाखाना 'वेड्यांसाठी', आपण शहाणे, आपला त्याच्याशी संबंध नाही.

याच शहरात १९९० साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' म्हणजे आयपीएच ही संस्था सुरू केली. तिचे नौपाड्यातले केंद्र इथल्या लोकांना परिचयाचे आहे. आजारावर उपचार हे तिचे एक काम. दुसरे काम, ज्यांना कोणताही मानसिक आजार नाही अशा माणसांनाही मनाची निगा राखायला शिकवणे. शाळकरी मुलांसाठी 'वेध' परिषद, पालकांसाठी कार्यशाळा हे त्यातूनच आले. नाडकर्णी यांच्या एका पुस्तकाचे नावच 'शहाण्यांचा सायकिॲट्रिस्ट' आहे.

ज्या वर्षी अमेरिकेत 'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्द शास्त्रीय लेखात आला, त्याच वर्षी ठाण्यात हे काम सुरू झाले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण मूळ विचार सारखा होता. भावना हाताळणे शिकता येते, आणि ते प्रत्येकाने शिकण्यासारखे आहे. पस्तीस वर्षांनंतर आज प्रश्न असा की, हे शिक्षण एखाद्या संस्थेपुरते राहणार की घर, शाळा आणि दवाखान्यात पोहोचणार?

न बोललेले शरीर बोलते

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, फॅमिली डॉक्टर आहे. माझ्याकडे कोणी "मला दुःख झाले आहे" म्हणून येत नाही. लोक येतात ते छातीत धडधड, डोके जड, ॲसिडिटी, झोप नाही, हातापायांना मुंग्या, सतत थकवा अशा तक्रारी घेऊन. यात बनाव नसतो. मनावर ताण आला की शरीरात ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढते. नाडी जलद होते, स्नायू आखडतात, पचन बिघडते, झोप उडते. त्रास खरा असतो, त्याचे मूळ दुसरीकडे असते.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. छातीत दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप अशी लक्षणे असतील तर "टेन्शनने होत असेल" असे घरी ठरवू नका. आधी तपासणी आणि ईसीजी. हृदय ठीक आहे हे कळल्यावरच मनाकडे वळायचे.

भावनेला नेमके नाव दिले की तिची तीव्रता थोडी कमी होते. मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची हालचाल अशा वेळी घटते, असे मेंदूच्या चाचण्यांतही दिसले आहे. आपल्याकडे अडचण तिथेच होते. 'टेन्शन' या एकाच शब्दात आपण भीती, अपमान, अपराधीपणा, एकटेपणा आणि दमणूक सगळे कोंबतो. कर्जाची भीती आणि भावाने केलेला अपमान यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. शब्द एकच असला तर उपाय कसा सापडणार?

यंत्र काय करू शकते, काय नाही?

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात कंपन्यांना हव्या असलेल्या पहिल्या दहा कौशल्यांत लवचीकपणा, स्वतःची जाण, सहानुभूती आणि लक्षपूर्वक ऐकणे ही कौशल्ये आहेत. हिशेब आणि मसुदे यंत्र करू लागले, तशी माणसाशी माणसासारखे वागण्याची किंमत वाढते आहे.

पण यंत्रही आता सहानुभूतीची भाषा बोलते. रात्री दोन वाजताही उत्तर देते, कंटाळत नाही, नावे ठेवत नाही. ज्याला कोणाला सांगायची लाज वाटते, त्याला पहिला शब्द सापडायला त्याची मदत होऊ शकते. धोका पुढे आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपली एक सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलवत होती. निराश माणूस "माझा कोणाला उपयोग नाही" म्हणतो, तेव्हा त्याला दुजोरा देणारा सोबती घातक ठरतो. शिवाय यंत्राला चेहरा उतरलेला दिसत नाही, ताट तसेच राहिलेले दिसत नाही. ते रिक्षा करून तुम्हाला डॉक्टरकडे नेऊ शकत नाही.

कायदेही याची दखल घेऊ लागले आहेत. कामाच्या ठिकाणी आणि शाळांत चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून मोजके अपवाद वगळता बंदी घातली. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने स्वतः मानसोपचार करण्यास मनाई केली.

सगळा भार एकट्यावर नको

२०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. राज्यांमध्ये सर्वाधिक, २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रात झाले. देशभरातल्या नोंदींत कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण ही कारणे सर्वांत वर आहेत. हे आकडे पाहून "लोकांनी मन खंबीर करावे" असा उपदेश करणे सोपे आहे आणि चुकीचेही. कर्ज, नोकरी जाणे, डोंबिवलीहून दाराला लटकत रोजचा प्रवास, घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा, हे ताण श्वासाच्या व्यायामाने नाहीसे होत नाहीत. भावनिक बुद्धिमत्तेच्या नावाखाली सोसणाऱ्यालाच दोषी ठरवले जाऊ नये.

म्हणून संस्थांनी बदलणे महत्त्वाचे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, हे त्यांतले एक. तुमच्या मुलाच्या शाळेत किंवा क्लासमध्ये तो आहे का, हे पालकसभेत विचारा. वैद्यकीय शिक्षणातही २०१९ च्या तुकडीपासून रुग्णाशी संवाद हा अभ्यासक्रमाचा रीतसर भाग झाला. आमच्या पिढीला तो वेगळा विषय म्हणून नव्हता. तेव्हा डॉक्टर ऐकत नसतील तर "मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे" असे स्पष्ट म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

घरी काय करता येईल?

- आधी ऐका, सल्ला नंतर. "मनावर घेऊ नकोस", "आमच्या वेळी असले काही नव्हते" ही वाक्ये दार बंद करतात. "बरेच दिवस हे मनात आहे का?" एवढे विचारून थांबा.
- नेमका शब्द शोधा. 'टेन्शन' म्हटल्यावर विचारा, "भीती वाटते, राग येतो, की दमल्यासारखे झाले आहे?"
- मुलग्यांना आणि पुरुषांनाही बोलू द्या. "रडतोस काय मुलीसारखा" हे ऐकत वाढलेला मुलगा पुढे बीपीच्या गोळ्या घेईल, पण मनातले सांगणार नाही.
- आजीआजोबांची चिडचिड तपासून घ्या. त्यामागे कमी ऐकू येणे, वेदना, थायरॉइड, नैराश्य किंवा विस्मरणाची सुरुवात असू शकते.
- चॅटबॉटशी बोलल्याबद्दल मुलाला रागावू नका. "त्याला काय सांगितलेस, मलाही सांगशील?" असे विचारा.
- शुश्रूषा करणाऱ्याला सुट्टी द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ दुसऱ्या कोणीतरी जबाबदारी घ्या.

मदत कधी घ्यावी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप किंवा भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे, वारंवार घबराट, दारूचे प्रमाण वाढणे किंवा कामावर, शाळेत जाणे टाळणे, यांपैकी काही दिसले तर फॅमिली डॉक्टरांना भेटा. गरज असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील.

जगण्याचा कंटाळा आल्याचे कोणी बोलले, तर थेट विचारा, "जीव द्यावा असे मनात येते का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नका. औषधे, कीटकनाशके हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.