सहल नको, मुक्काम हवा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलींची गडबड सुरू होते. पहाटे एसटी निघते, दिवसभरात तीन-चार ठिकाणे उरकली जातात आणि पेंगुळलेली मुले रात्री उशिरा घरी येतात. मुलांना मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर १० दिवस दप्तराविना शिकण्यासाठी सुचवले आहेत. त्यातले निदान तीन दिवस मुलांनी निसर्गात सलग मुक्काम करावा, असे डॉक्टर म्हणून मला वाटते.

यामागे थोडा पुरावा आहे. कॅलिफोर्नियात सहावीची ५१ मुले पाच दिवस निसर्ग शिबिरात राहिली. मोबाइल, टीव्ही, संगणक काहीही नव्हते. त्याच शाळेतील ५४ मुलांचा दिनक्रम नेहमीसारखाच होता. २०१४ मध्ये या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या भावना ओळखण्यात शिबिरातल्या मुलांची प्रगती अधिक दिसली. हा फायदा स्क्रीन सुटल्याचा, निसर्गाचा की सवंगड्यांच्या सहवासाचा, हे या अभ्यासातून सांगता येत नाही. अभ्यास लहान आहे, हेही खरे. पण ओपीडीत आईच्या शेजारी बसून मोबाइलमधून मान वर न काढणारी मुले रोज दिसतात, तेव्हा तो आठवतो.

‘शेतकऱ्याच्या मुलांना निसर्ग काय दाखवायचा?’ असे काही पालक विचारतात. विहीर कधी आटते, हे त्या मुलांना माहीत असते. ती का आटते, हे मात्र एका शेतात उभे राहून कळत नाही. त्यासाठी डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंत पाणलोट पायी फिरावा लागतो. आपल्या जिल्ह्यात त्याची उत्तम ठिकाणे आहेत. कमी पावसाच्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, ऊस आणि केळी टाळली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीने १९९० च्या दशकात उघडा डोंगर पाणलोटाच्या कामाने सावरला. अशा गावात तासभर थांबले तर फलक वाचून होतात. मुक्काम केला तर मुले पर्जन्यमापक हाताळतील, दोरीने विहिरीची पातळी मोजतील, गावच्या ज्येष्ठांना दुष्काळाविषयी विचारतील.

शाळांची खरी अडचण जबाबदारीची आहे, आणि ती भीती अनाठायी नाही. मुक्कामात मला सर्वांत जास्त काळजी मण्यार सापाची वाटते. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश बहुधा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात. पित्त झाले असेल म्हणून वाट पाहण्यात मोलाचे तास जातात.

यावर उपाय साधे आहेत. मुलांना खाटेवर झोपवावे. खाट नसेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचावी. रात्री टॉर्चशिवाय कोणी बाहेर पडू नये. दंशाची शंका आली तर करकचून बांधणे, कापणे, चोखणे यातले काहीही करू नये. मुलाला चालवू नये, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. सर्पविषावरची लस कोणत्या सरकारी रुग्णालयात उपलब्ध आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. पिण्याचे पाणी उकळलेले असावे. धरणात किंवा विहिरीत कोणीही उतरू नये. दमा किंवा फिट्स असलेल्या मुलांची यादी आणि औषधे शिक्षकांजवळ असावीत.

प्रश्न पैशांचाही आहे. ज्यांना परवडते त्यांचीच मुले जाणार असतील, तर जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल पुन्हा मागे राहील. म्हणून जिल्हा नियोजनातून या मुक्कामासाठी तरतूद व्हावी आणि जाण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राने शिक्षकांना अर्धा दिवस प्रथमोपचार शिकवावेत. भीतीपोटी मुलांना घरात ठेवण्यापेक्षा तयारीनिशी बाहेर नेणे बरे.